थेंबाचा हिशेब – लेखांक ५ : ठिबक किती मिनिटं चालवायचं?

पाटानं दिलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपासच पिकाच्या कामी येतं, ठिबकात हेच प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पण तिथवर पोचायचं तर कॉक वेळेवर बंद व्हायला हवा. माण, जत, आटपाडीच्या पट्ट्यात घोडं अडतं ते इथंच. वीज आली की मोटार सुरू आणि वीज जाईपर्यंत ठिबक सुरू, असा अनेकांचा शिरस्ता. मग किती वेळ पुरे?

हिशेब बाष्पीभवनापासून सुरू होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लीटर. समजा, मे महिन्यात बाष्पीभवन पात्रातून दिवसाला १० मि.मी. पाणी उडतं. त्याला पात्राचा गुणांक ०.७ लावला की ७ मि.मी. उरतात. टोमॅटो लहान असताना पीक गुणांक सुमारे ०.६, तर ऐन फळधारणेत १.१५. दोन नळ्यांत दीड मीटर, दोन रोपांत ४० सें.मी. अंतर धरलं, तर एका रोपाच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जागा येते.

फळधारणेतली गरज : ७ × १.१५ × ०.६ = ४.८३ लीटर. ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के धरून सुमारे ५.४ लीटर. रोपागणिक ताशी ४ लीटरचा एक ड्रिपर असेल, तर ८० मिनिटं पुरतात. हेच पीक लहान असताना ४२ मिनिटं. हिवाळ्यात बाष्पीभवन ४ मि.मी.वर उतरलं, की भर फळातही अर्धा तास. प्लॅस्टिक मल्चिंग असेल, तर यातून आणखी १० ते ३० टक्के वजा करता येतात.

आता जादा तासाची किंमत पाहा. या अंतरानं एकरी सुमारे ६,७०० ड्रिपर बसतात. एक तास फुकट चालले, की जवळपास २७,००० लीटर पाणी गेलं, म्हणजे १०,००० लीटरचे सुमारे पावणेतीन टँकर. शिवाय ते जाताना नत्र मुळांखाली वाहून नेतं. वाफसा मोडून मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि आपण पुन्हा खताचीच मात्रा वाढवतो!

मुरमाड रानात हीच मिनिटं दिवसातून दोन-तीन पाळ्यांत द्या, कारण ते पाणी धरत नाही. भारी काळ्या रानात एकाच पाळीत भागतं. दुसऱ्या दिवशी पाणी देण्याआधी ड्रिपरजवळ वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबा. गोळा होऊन तो हलक्या दाबानं फुटला, तर हिशेब जमला. हाताला चिखल लागला तर वेळ कमी करा; गोळाच होत नसेल, तर वाढवा. चिकण आणि वाळूसर मातीत गोळ्याची पारख वेगळी लागते, ती दोन-चार पाळ्यांत हाताला कळते.

हा सगळा हिशेब प्रत्येक ड्रिपर सारखंच पाणी देतो असं धरून केला आहे. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक भांडं ठेवून तेवढ्याच वेळात किती पाणी जमतं, ते या आठवड्यात मोजून ठेवा. फरक का पडतो आणि तुंबलेले ड्रिपर कसे मोकळे करायचे, ते पुढच्या लेखांकात.