दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळी सहा-साडेसहाला येरवड्यातल्या घराघरांत एक गोष्ट ठरल्याप्रमाणे होते. घर नागपूर चाळीतलं असो, लक्ष्मीनगरच्या वस्तीतलं असो, नाहीतर नगर रस्त्यालगतच्या बाराव्या मजल्यावरचं. दुधाची पिशवी नळाखाली धरायची, कात्रीने तिचा एक कोपरा कापायचा आणि दूध पातेल्यात ओतायचं. रिकामी पिशवी विसळून खिडकीच्या गजाला अडकवणारी घरं आजही पुष्कळ आहेत, कारण तिला भंगारात पैसे येतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण कापलेल्या कोपऱ्याचं काय होतं? तो ओल्या बोटाला चिकटतो, तिथून ओट्यावर पडतो, खरकट्यात मिसळतो किंवा पाण्याबरोबर मोरीत जातो. नखाएवढा तर तुकडा, त्याच्याकडे कोण बघतंय?

या लेखात आपण त्या तुकड्याच्याच मागे जाणार आहोत. समुद्रातल्या प्लास्टिकविषयी आपण ऐकतो तेव्हा पुणेकराच्या मनात एक रास्त शंका येते. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी शंभरेक किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. आपला कचरा तिथे जाईलच कसा? या शंकेचं उत्तर येरवड्याच्या कडेने वाहणाऱ्या नदीत आहे. पण नदीपर्यंत जाण्याआधी जी पिशवी नदीत जात नाही तिची वाट पाहू, कारण तुकडा कुठे चुकतो हे त्यावरूनच कळतं.

पिशवीची वाट

पुण्यात ही पिशवी उचलणारे हात बहुतेक वेळा कचरावेचक बाईचे असतात. शहरातले कचरावेचक आणि भंगार गोळा करणारे 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेत एकत्र आले. पुढे याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार केला. तीन हजारांहून अधिक सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात. घरटी दरमहा ठरलेलं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्री, ही त्यांची मिळकत.

कचरा गोळा झाला की ताई तो निवडायला बसते. आपण ज्याला सरसकट ‘प्लास्टिक’ म्हणतो त्याचे तिच्यापुढे अनेक ढीग पडतात. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, कडक डबे-बादल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. यामागे साधं कारण आहे. दुधाची पिशवी पॉलिइथिलीनची असते आणि ते 110 ते 130 अंश सेल्सिअसला वितळतं. पाण्याची बाटली ‘पेट’ची असते, तिला सुमारे 250 अंश लागतात. दोन्ही एका भट्टीत गेली तर एक वितळेपर्यंत दुसरं करपतं आणि हाती निकामी गोळा येतो. वेगळे काढलेले ढीग मात्र भंगाराच्या दुकानातून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून कारखान्यात जातात. तिथे माल धुऊन, कातरून, वितळवून त्याचा ‘दाणा’ होतो आणि दाण्यापासून पुन्हा वस्तू होते.

चिप्सच्या पाकिटाची गोष्ट वेगळी. त्यात दोन-तीन प्रकारच्या प्लास्टिकचे आणि बहुतेकदा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळे चिप्स कुरकुरीत राहतात, पण ते थर पुन्हा सोडवणं जवळपास अशक्य. म्हणून भंगारवाला ते घेत नाही, आणि जे विकलं जात नाही त्यासाठी कोणी वाकत नाही. रस्त्याच्या कडेला बाटली फार वेळ पडून राहत नाही, पाकीट राहतं. याचं कारण लोकांच्या स्वच्छतेच्या सवयींपेक्षा त्या वस्तूच्या भावात अधिक आहे.

भाव आणखी एका गोष्टीने पडतो, आणि ती आपल्या हातात असते. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत आमटीचा रस्सा सांडला, चहाचा चोथा पडला, तर कागद भिजतो, प्लास्टिक घाण होतं, त्याला कमी पैसे मिळतात. त्यातून त्या खरकट्यात हात घालून निवडायचं ते ताईनेच.

कोपऱ्याच्या तीन वाटा

आता कोपरा. तो तीन वाटांनी जाऊ शकतो.

पहिली वाट ओल्या कचऱ्याची. ओल्या कचऱ्याचं खत किंवा गॅस होतो. खत चाळताना मोठं प्लास्टिक निघतं, नखाएवढा तुकडा चाळणीतून निसटतो आणि खताबरोबर शेतात किंवा कुंडीत जाऊन बसतो. तिथे तो कुजत नाही, नुसता लहान होत राहतो.

दुसरी वाट मोरीची. मोरीचं पाणी मैलापाण्याच्या वाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात गेलं, तर तिथल्या जाळ्यांत आणि गाळात बराच कचरा अडतो. मात्र मैलापाणी प्रक्रिया न होता थेट नाल्यात जातं तिथे हा अडसरही नसतो.

तिसरी वाट रस्त्याची, आणि सगळ्यांत जास्त माल हिच्यावरून जातो. उलटलेली बादली, कुत्र्यांनी फाडलेली पिशवी, टपरीबाहेर टाकलेला पेला, हे सगळं रस्त्याच्या कडेला साठत राहतं आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर पावसाळी गटारात शिरतं. गटार नाल्याला आणि नाला नदीला मिळतो. पावसाळी गटारं पाणी लवकर वाहून जावं म्हणूनच बांधलेली असतात. त्या पाण्यावर प्रक्रिया करण्याची सोयच त्यात नसते. या गटारांची तोंडं प्लास्टिकने बुजली की काय होतं हे मुंबईने 26 जुलै 2005 रोजी पाहिलं. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवरचे निर्बंध अधिक कडक झाले.

नदी पूर्वेला जाते

संगमवाडीला मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि मुळा-मुठा होऊन बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून पुढे निघतात. डाव्या हाताला येरवडा. बंधाऱ्यापाशी पाणी संथ होतं, तिथे जलपर्णी दाटते आणि तिच्या मुळांत बाटल्या, थर्माकोल, चपला अडकून तरंगत राहतात. पुढे काठावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याची झाडी लागते. पूर ओसरल्यावर काठच्या झाडांकडे पाहावं. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच फांद्यांवर पिशव्यांच्या चिंध्या लोंबत असतात. पाणी कुठवर चढलं होतं आणि त्यात काय वाहत होतं, हे त्या एकाच वेळी सांगतात.

अडकलं नाही ते पुढे जातं. मुंढवा, खराडी, मांजरी, थेऊर करत मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. इथे सह्याद्रीचा भूगोल आठवायला हवा. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा काय, महाबळेश्वरची कृष्णा काय, दोघी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ जन्मतात, पण डोंगराच्या पूर्व उतारावर असल्याने समुद्राकडे पाठ करून देशभर चालत जातात. म्हणून येरवड्याच्या नाल्यातला तुकडा मुंबईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्याला लागत नाही. त्याचा समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर. रस्ता हजार किलोमीटरांहून मोठा: भीमेने दौंड, भिगवण, पंढरपूर, मग कर्नाटक, रायचूरच्या बाजूला कृष्णा, पुढे श्रीशैलम आणि नागार्जुनसागरची धरणं, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आणि शेवटी आंध्रातल्या हंसलादीवीपाशी समुद्र.

उजनीचा मुक्काम

या रस्त्यावरचा पहिला मोठा मुक्काम म्हणजे उजनी. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात 117 टीएमसी पाणी मावतं. वाहती नदी इथे थांबते, आणि पाणी थांबलं की त्याने वाहून आणलेलंही खाली बसतं.

पण पॉलिइथिलीन तर पाण्याहून हलकं. त्याचा तुकडा तरंगायला हवा, मग बुडतो कसा? त्याच्यावर काही आठवड्यांत शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, त्याला गाळाचे कण चिकटतात, वजन वाढतं आणि तो तळाला जातो. पेटची बाटली मुळातच पाण्याहून जड. झाकण घट्ट लावलेलं असेल तर आतल्या हवेवर ती तरंगते, पाणी शिरलं की बुडते.

जे वर राहतं त्याला ऊन गाठतं. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या जागोजाग तोडतात. वस्तू आधी पिवळी पडते, मग ठिसूळ होते, मग लाटांनी आणि दगडांवर घासून तिचे तुकडे पडतात. गच्चीवर वर्षभर राहिलेली प्लास्टिकची दोरी हातात घेतली की तिचा भुगा होतो, तेच इथे होतं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना ‘मायक्रोप्लास्टिक’ म्हणतात. रिचर्ड थॉम्पसन या ब्रिटिश सागरशास्त्रज्ञाच्या 2004 सालच्या शोधनिबंधानंतर हा शब्द जगभर रूढ झाला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तुकडा लहान होतो, नाहीसा होत नाही. पिशवी माणसाला उचलता येते, तिचा भुगा मासा गिळतो.

आणि हे पाणी कोणाचं? सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. धरणाखाली त्यावर ऊस उभा राहतो. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी वाकड्या चोचीने चिखल गाळून खातात. आषाढीला वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतात ती हीच भीमा. पुण्याने सोडलेलं पंढरीच्या वाटेवर पोचतं, आणि त्यासाठी समुद्र गाठावा लागत नाही.

समुद्रापर्यंत किती?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. 2015 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने 2010 या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा अंदाज 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन असा मांडला. पण त्यात किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणारीच लोकसंख्या धरली होती. पुणे त्या हिशेबात बसत नाही. 2021 मधल्या एका अभ्यासाने नद्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की नद्यांमार्गे जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के माल हजाराहून अधिक नद्या वाहून नेतात आणि त्यांत किनाऱ्यावरच्या शहरांमधून जाणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. समुद्र जितका दूर, तितकी वाटेत अडकण्याची शक्यता जास्त. इतकी धरणं ओलांडून येरवड्याची अख्खी पिशवी समुद्रात पोचणं म्हणूनच विरळा. पोचतं ते बहुतांशी बारीक होऊन, पुराच्या पाण्याबरोबर.

याने दिलासा मानायचा का? जे समुद्रात गेलं नाही ते शेतात, नाल्यात, उजनीच्या गाळात आहे. आणि जे गेलं, ते कृष्णेच्या मुखापाशी उतरतं, तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ज्या कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला आपण गर्दी करतो, ती हीच जात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळतं. पोटात प्लास्टिक साठलं की आतड्यात अडथळा येतो, भूक मरते.

ओट्यापाशी

आता ही सगळी वाट उलट चालून पाहा. समुद्रातून मायक्रोप्लास्टिक गाळणं आज कोणालाही झेपणारं नाही. उजनीच्या गाळातून ते वेचणंही नाही. बंडगार्डनपाशी जलपर्णीत अडकलेला कचरा काढायला यंत्रं आणि माणसं लागतात. रस्त्यावर तोच कचरा झाडूने निघतो. ताईच्या निवडणीत एका हाताच्या हालचालीने वेगळा होतो. आणि ओट्यावर तो मुळात वेगळाच असतो, स्वच्छ असतो, त्याला भाव असतो. दर पायरी उतरताना काम वाढत जातं आणि ते आपल्यापेक्षा गरीब, आपल्यापेक्षा दूरच्या माणसावर पडतं.

हे सगळं घरावर ढकलून चालणार नाही, हेही तितकंच खरं. न विकलं जाणारं पाकीट आपण बनवलेलं नाही. महाराष्ट्राने 2018 साली प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट दिली, पण पिशवी किमान 50 मायक्रॉन जाडीची असावी आणि तिच्यावर किमान 50 पैसे परतीची किंमत छापलेली असावी, अशी अटही घातली. विचार अगदी बरोबर होता: ज्या वस्तूला किंमत आहे ती नदीत जात नाही. 2022 मध्ये केंद्राने वेष्टनाचं प्लास्टिक गोळा करून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केले. ते कागदावर राहू नयेत, नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या असाव्यात आणि त्या पावसाआधी साफ व्हाव्यात, हे मागायचा आपल्याला हक्क आहे. आपला ओटा नीट असला की ते मागताना आवाजही खणखणीत लागतो.

ओट्यावरचं काम मोजकं आहे. सुका आणि ओला कचरा वेगळा. प्लास्टिक विसळलेलं आणि वाळलेलं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, म्हणजे ताईला ते उघडून पाहावं लागणार नाही. भाजीला जाताना घरची कापडी पिशवी.

आणि उद्या सकाळी दूध ओतताना कोपरा पुरता कापायचा नाही. कात्री शेवटाला थोडी अलीकडे थांबवायची. तुकडा पिशवीला लोंबत राहतो, दूध तितक्याच सहज येतं, आणि पिशवी जाईल तिथे, भंगारात, भट्टीत, दाण्यात, कोपराही तिच्याबरोबर जातो.