गारठा नको, तापही नको

बंद पडलेले हृदय सीपीआर आणि शॉक देऊन पुन्हा सुरू झाले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. डॉक्टरांची काळजी मात्र तिथूनच वाढते, ती मेंदूच्या पायी. काही मिनिटे रक्त न मिळालेल्या मेंदूत, रक्तपुरवठा पूर्ववत झाल्यावरही पेशींची हानी सुरूच राहते. त्यातच अनेक रुग्णांना ताप चढतो.

तापमान एका अंशाने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण सहा टक्क्यांनी घटते. मग शरीर मुद्दाम गार केले तर? २००२ मध्ये युरोपात २७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीने आशा जागवली. ३२ ते ३४ अंश सेल्सिअसवर २४ तास ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्ण चांगले सावरले. इतरांपैकी ३९ टक्के. मेलबर्नच्या छोट्या चाचणीचा कौलही तोच होता. जगभरच्या आयसीयूत गार पाणी खेळवणाऱ्या चादरी आल्या.

शरीर मात्र सहजासहजी गार होत नाही, कुडकुडून उलट उष्णता निर्माण करते. म्हणून गुंगीची औषधे, कधी स्नायू सैल करणारी औषधेही द्यावी लागतात. काखेतल्या थर्मामीटरवर भिस्त ठेवून चालत नाही. अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात तापमापक बसवतात.

पण एक शंका उरलीच होती. युरोपातल्या त्या चाचणीत गार न केलेल्या अनेकांचे तापमान ३७ च्या वर गेले होते. मग गुण कशाचा, गारव्याचा की ताप न येण्याचा? स्वीडनचे डॉ. निकलास निल्सन आणि सहकाऱ्यांनी रूढ झालेला उपचार पुन्हा तपासायचे ठरवले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक दिसला नाही. २०२१ मध्ये सुमारे १,९०० रुग्णांत ३३ अंशांची तुलना ‘३७.८ ला पोहोचले तरच गार करा’ या पद्धतीशी झाली. सहा महिन्यांत मृत्यू ५० आणि ४८ टक्के. शिवाय थंड केलेल्यांत हृदयाचे ठोके बिघडण्याचे प्रमाण जास्त. ज्यांच्या हृदयाची लय शॉक देण्याजोगी नव्हती अशा रुग्णांना गारव्याचा थोडा फायदा फ्रान्सच्या २०१९ च्या चाचणीत दिसला होता, त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. तरीही निदान ताप चढू द्यायचा नाही, यावर एकमत आहे.

यातले काहीही पहिल्या मिनिटांची भरपाई करत नाही. कोणी कोसळले, हाकेला ओ देत नसेल आणि श्वासही नीट नसेल, तर १०८ ला फोन करा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबत राहा. हे आजच शिकून घ्या.