साठातले वीस

रायपुरात एखाद्या घराचे रंगकाम चालले असता क्षणभर थांबून पाहिले, तर नव्या डब्याचे झाकण उचकटून रंगारी आतले टोकन काढतो, अंगठ्याने पुसतो आणि खिशात टाकतो, हे दृश्य सहज नजरेस पडते. रंग कोणता घ्यावा हे घरमालकाने ज्याच्यावर सोपवले, त्यालाच त्या विश्वासाचे बक्षीस कंपनी परस्पर पोचवीत असते. फौजदारी कायदा सहसा येथवर येत नाही. मात्र धन्याच्या नकळत मुखत्याराने त्याच्याच कामात आपला व्यवहार साधून जो लाभ मिळवला, तो मागून घेण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने धन्यास दिला आहे. आता रंगाऱ्यास मुखत्यार म्हणावे की नाही, ह्यावर वकील मंडळी दोन तारखा सहज घालवतील.

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातून सळई उचलणाऱ्या व्यापाऱ्यास ठरावीक टनांवर मिळणाऱ्या सुटीची गोष्ट निराळी, कारण तो स्वतःच्या भांडवलाने, स्वतःच्या जोखमीवर माल भरतो आणि सूट त्याच्या खातेवहीत उघड जमा होते. परंतु सही करणारा हात सरकारी असला, म्हणजे हाच उदारपणा १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतो; कायदेशीर मोबदल्याखेरीजचा कोणताही लाभ त्यात अनुचित ठरतो, मग त्यास दिवाळीची भेट म्हणा की कमिशन. २०१८ च्या दुरुस्तीने देणाराही सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र झाला, आणि बळजबरीने द्यावे लागले असेल तर सात दिवसांत वर्दी दिल्यासच त्याची सुटका होते. लाच व्यापारी संस्थेच्या लाभासाठी दिली गेली, तर ती संस्थाही आरोपी होऊ शकते.

पेशवाईतल्या मामलतदारांच्या व्यवहारात दरबारखर्च आणि अंतस्थ, म्हणजे गुप्त, अशा रकमा असत, आणि एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात त्यांची दखल घेतली. निदान नाव तरी प्रामाणिक होते! छत्तीसगडात सरकारी धान भरडून देणाऱ्या गिरण्यांची विशेष प्रोत्साहन रक्कम क्विंटलमागे ४० रुपयांवरून १२० वर गेली, ती साठ-साठांच्या दोन हप्त्यांनी मिळावयाची होती, आणि प्रत्येक साठातले वीस रोखीने परत घेतले गेले, असा आरोप सक्तवसुली संचालनालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये केला. आरोप खरा ठरल्यास मौज अशी, की प्रोत्साहन देणारे सरकारच होते, ते कागदोपत्री अगदी कायदेशीर होते, आणि लाचेचे बीज त्या वाढीव दरातच पेरलेले होते. रोख पोचवणाऱ्या गिरणीवाल्यांची यादी त्यांच्या संघटनेकडून राज्य विपणन संघाच्या जिल्हा विपणन अधिकाऱ्यांकडे जाई, ते आलेली बिले त्या यादीशी ताडून पाहत, आणि ज्यांची नावे यादीत असत त्यांचीच बिले पुढे सरकत, असे संचालनालयाचे म्हणणे आहे.