तपासणीच्या यादीत न सापडणारे मूल

बालकांचे मन आणि मेंदू : लेखांक सातवा

गर्भावस्थेपासून शालेय वयापर्यंत मेंदूची घडण सुरू असते. या काळात तिच्यात निर्माण झालेल्या ज्या वेगळेपणामुळे किंवा उणिवेमुळे मुलाचे बोलणे, चालणे, शिकणे, लक्ष देणे किंवा इतरांशी नाते जोडणे अडखळते, त्या अवस्थांना चेताविकासाचे विकार असे म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत बौद्धिक अक्षमता, भाषा व संवादाचे विकार, स्वमग्नता, अवधानाची कमतरता व अतिचंचलता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि हालचालींचे विकार यांचा या गटात समावेश केला आहे. मंत्रचळ, म्हणजे सर्रास ज्याला ओसीडी म्हटले जाते तो विकार, त्याच आवृत्तीत चिंताविकारांतून बाहेर काढून स्वतंत्र प्रकरणात ठेवण्यात आला. या विकारात नको असलेला विचार पुन्हापुन्हा मनात घुसतो आणि त्यातून उठणारी भीती शमवण्यासाठी धुणे, मोजणे, तपासणे, विचारणे यांसारखी कृती पुन्हापुन्हा करावी लागते. कागदावर हे दोन गट वेगळे असले, तरी संशोधनाच्या पातळीवर त्यांच्यामधील भिंत गेल्या काही वर्षांत बरीच पातळ झाली आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील तपासणीव्यवस्था मात्र अजून पहिल्याच गटापुरती विचार करते, आणि त्याचा फटका दुसऱ्या गटातील मुलांना बसतो.

भारतातील या विकारांचे प्रमाण किती, याचे आजवरचे सर्वांत भरवशाचे उत्तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नरेंद्रकुमार अरोरा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळते. हरियाणातील पलवल, हिमाचलातील कांगडा, ओडिशातील ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी घरोघर जाऊन निवडलेल्या, दोन ते नऊ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची त्यात तपासणी झाली. त्यात दृष्टी व श्रवणातील दोष, अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, वाचाविकार, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांचा, आणि सहा वर्षांवरील मुलांत अतिचंचलता व अध्ययन अक्षमतेचाही शोध घेतला गेला. सहा वर्षांखालील मुलांत यांपैकी किमान एक विकार असण्याचे प्रमाण ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के, तर सहा ते नऊ वयोगटात ६.५ ते १८.५ टक्के आढळले. या आकड्यांपेक्षाही त्यांच्यामागची कारणे अधिक बोलकी आहेत. घरी झालेले बाळंतपण, जन्मताना बाळाचा श्वास कोंडणे, जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील आजारपण, मेंदूला झालेला संसर्ग, कमी वजन किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि कुपोषणाने खुंटलेली उंची, ही सारी कारणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिगृहात आणि अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसणारी आहेत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच, पण जो वाटा टाळता येण्याजोगा आहे तो गावाच्या हाताशी आहे.

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्याकडे या दृष्टीने पाहिले, तर नागपूरसारखे वैद्यकीय महाविद्यालयांचे शहर सुमारे चाळीस किलोमीटरवर असूनही मधले अंतर किती मोठे ठरते, हे ध्यानात येते. वैनगंगेच्या बाजूचा हा धानाचा आणि मिरचीचा मुलूख आहे. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडण्याच्या मजुरीवर ज्या घराचे पोट चालते, त्या घरातील आईला मुलाला घेऊन शहरातील तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, आणि विकासविषयक निदान एका भेटीत क्वचितच पुरे होते. त्यातच गोसीखुर्द प्रकल्पाच्या बुडिताने या तालुक्यातील अनेक गावे आपल्या जागेवरून हलवली. घर हलले की अंगणवाडी बदलते, अंगणवाडी बदलली की मुलाची नोंदवही बदलते, आणि ज्या मुलाच्या वाढीवर महिनोन्महिने नजर ठेवायला हवी त्याच्या नोंदीत खंड पडण्याची शक्यता वाढते. चेताविकासाच्या विकारांत हा खंड फार महागात पडतो, कारण येथे रोगाची खूण एखाद्या दिवशीच्या तापासारखी दिसत नाही. ठरावीक वयात जे यायला हवे होते ते आले नाही, एवढ्यावरूनच ती ओळखावी लागते.

विदर्भाला मात्र या क्षेत्रात केवळ गरजू प्रदेश म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. श्वास कोंडलेल्या बाळाला कृत्रिम श्वास कसा द्यावा, हेही त्या शिकल्या. या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने हीच पद्धत देशभर गेली. नागपूरमधील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था माता-बाल आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संशोधनजाळ्यातून परिसरातील ग्रामीण आरोग्य केंद्रांत काम करत आली आहे. पहिलटकरणींना गर्भारपणात रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यास अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळते का, हे तपासणाऱ्या आणि सहा देशांतील ११,९७६ स्त्रियांचा सहभाग असलेल्या चाचणीत नागपूर आणि बेळगाव ही भारतातील दोन केंद्रे होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अपुऱ्या दिवसांच्या जन्मांचे प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आले. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणत्याही गर्भवतीने घेऊ नये, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. परंतु अपुऱ्या दिवसांचा प्रत्येक टळलेला जन्म हा मेंदूवरील एक टळलेला आघात असू शकतो, म्हणून ही चाचणी चेताविकासाच्या संशोधनाच्याही हद्दीत येते.

बेळगावचा आणखी एक प्रयोग या विषयाशी अधिक थेट जोडलेला आहे. जन्मताच न रडलेल्या आणि प्रयत्नांनी श्वास सुरू करून दिलेल्या बाळांच्या, तसेच सुखरूप जन्मलेल्या बाळांच्या पालकांना, दर पंधरवड्याला घरी जाऊन वयानुरूप खेळ आणि संवाद शिकवण्याची योजना बेळगाव परिसरातील खेड्यांत आणि पाकिस्तान व झांबियातील ग्रामीण भागांत राबवली गेली. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील घरांनाही तितक्याच भेटी दिल्या गेल्या, पण त्यांत केवळ आरोग्य आणि सुरक्षिततेचा सल्ला होता, त्यामुळे फरक पडलाच तर तो नुसत्या भेटीचा नसून खेळाचा आहे, हे ठरवता येणार होते. तीन वर्षांच्या वयात खेळ शिकवलेल्या गटातील मुलांचा बौद्धिक विकासाचा सरासरी गुणांक सुमारे १०३, तर तुलनेच्या गटाचा ९८ आला. पाच गुणांचा हा फरक एकट्या मुलाबाबत लहान वाटेल, पण तो घडवायला ना यंत्र लागले ना महाग औषध, ही बाब विसरता येत नाही.

आता तपासणीकडे वळता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार फिरते आरोग्य पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते, आणि जन्मतःचे दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब अशा चार वर्गांतील सुमारे तीस अवस्था शोधते. त्या यादीत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता आहेत, मंत्रचळ नाही. यात कोणाच्या हेतूचा दोष नाही, कारण यादी कुठेतरी थांबवावी लागते. तरीही याचा परिणाम असा होतो, की ज्या मुलाची खूण बाहेरून दिसते ते सापडते आणि ज्याची खूण मनात असते ते सुटते. मंत्रचळ असलेले मूल बहुधा आपली भीती लपवते, कारण तिचा तर्क जुळत नाही हे त्याला पुष्कळदा कळत असते आणि त्याची लाज वाटत असते. वर्गात ते शांत, नेटके आणि कधीकधी गुणवानही दिसते. एक ओळ पाच वेळा खोडून लिहिल्यामुळे त्याचा पेपर अपुरा राहिला, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. घरी हात धुण्याचा अतिरेक सोवळ्याओवळ्याच्या किंवा देवभक्तीच्या आड सहज झाकला जातो. दोन ते चार वर्षांच्या मुलाने रोज तीच वाटी आणि तेच पांघरूण मागणे हा विकार नव्हे. अशा कृती रोज तासाहून अधिक वेळ खाऊ लागल्या किंवा अभ्यास, झोप, जेवण आणि खेळ यांच्या आड येऊ लागल्या, की मात्र तज्ज्ञाचे मत घ्यायला हवे. या विकाराच्या आरंभाचे एक शिखर दहा-अकरा वर्षांच्या आसपास येते, म्हणजे नेमके शाळेतील वार्षिक तपासणीच्या वयात.

दोन्ही गटांमधील भिंत पातळ झाल्याचे वर म्हटले आहे, त्याचा आधार मुख्यतः गेल्या दशकातील संशोधनात आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील संशोधकांनी स्वमग्नता, अतिचंचलता आणि मंत्रचळ असे निदान झालेल्या दोनशेहून अधिक मुलांची वागणूक आणि मेंदूचे मापन निदानाचे नाव बाजूला ठेवून तपासले. २०१९ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार नैसर्गिकपणे जुळणारे गट निदानाच्या सीमा ओलांडून जात होते, म्हणजे दोन वेगळ्या नावांची मुले एकमेकांसारखी आणि एकाच नावाची दोन मुले परस्परांहून वेगळी निघत होती. तरीही उपचारासाठी एक भेद जपावा लागतो. स्वमग्न मुलाला तीच हालचाल पुन्हापुन्हा करण्यात बहुधा स्वस्थता किंवा आनंद मिळतो, तर मंत्रचळ असलेल्या मुलाला त्या कृतीचा जाच होतो. घशाच्या जिवाणू-संसर्गानंतर काही मुलांत एकाएकी मंत्रचळ किंवा झटक्यांसारख्या अनैच्छिक हालचाली उद्भवतात, असे अमेरिकेतील सुझान स्वीडो यांनी १९९८ मध्ये मांडले. ही कल्पना आजही वादग्रस्त आहे. मात्र ज्या संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा बिघडतात, त्याच तापानंतर येणाऱ्या हालचालींच्या विकारात मंत्रचळाची लक्षणे दिसतात, हे सुस्थापित आहे. बाल स्वास्थ्य पथकाच्या यादीत संधिवाती हृदयविकार आधीच असल्यामुळे, असे मूल सापडल्यावर त्याच्या मनातील भीतीविषयी दोन प्रश्न विचारण्यास यादी वाढवण्याचीही गरज नाही.

या विकारावर उपचार आहे, आणि तो परिणामकारक आहे. अमेरिकेत तीन केंद्रांवर ११२ मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्तनोपचार व औषध एकत्र दिलेल्या मुलांपैकी ५३.६ टक्के मुले जवळजवळ लक्षणमुक्त झाली. केवळ वर्तनोपचाराने ३९.३, केवळ औषधाने २१.४ आणि निष्क्रिय गोळीने अवघी ३.६ टक्के मुले त्या अवस्थेस पोहोचली. या वर्तनोपचारात मूल भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाते आणि नेहमीची शमवणारी कृती जाणीवपूर्वक टाळते, आणि तेव्हा भीती आपोआप ओसरते हे त्याला स्वानुभवाने कळते. यात घरच्यांचा वाटा कळीचा असतो. एकत्र कुटुंबात ‘दार नीट लावले ना’ या मुलाच्या दहाव्या प्रश्नालाही आजी, काका आणि आई मायेने उत्तर देतात, त्याच्यासाठी वेगळा तांब्या ठेवतात, आणि त्या मायेनेच विकार पोसला जातो. येल विद्यापीठात विकसित झालेल्या एका पद्धतीत तर मुलाला न बोलावता केवळ पालकांना हे साहाय्य हळूहळू कमी करायला शिकवले जाते.

खरी अडचण ही पद्धत शिकवणाऱ्या माणसांची आहे, आणि त्याबाबत गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचे काम उपयोगी पडते. तिने रावळपिंडीतील सहकाऱ्यांसह स्वमग्न मुलांच्या ६५ कुटुंबांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा सत्रांचे मार्गदर्शन तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी केले. पालक मुलाच्या कलाने संवाद साधू लागले आणि मुलेही आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. मात्र पालक व मूल यांचे एकाच गोष्टीवर एकत्र लक्ष राहण्याचा काळ घटला, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदवले. मंत्रचळाच्या उपचारातही अशीच कामाची वाटणी शक्य आहे, कारण त्यातील पायऱ्या ठरलेल्या आणि शिकवण्याजोग्या आहेत. निदान आणि औषध मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडेच राहायला हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे, आणि कुहीतील पालकाला नागपूरची फेरी करण्याआधी पहिला सल्ला तिथून घेता येतो. पण वर्तनोपचार आठवड्यामागून आठवडा, शक्यतो त्याच व्यक्तीकडून चालावा लागतो, आणि तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शाळेतच मिळण्याची सोय केल्याशिवाय मजुरीवर जगणाऱ्या घरातील मूल तो पुरा करू शकणार नाही. मंत्रचळाच्या जोडीने पुष्कळदा आढळणारा टिक्सचा विकार, म्हणजे डोळे मिचकावणे, मान झटकणे अशा हालचाली, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.