शून्य ते सात : यंत्रांच्या हाकांची पट्टी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतात. आधी विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, की डोक्यावरून गेलं? रामकुंडाजवळची ही मूर्ती गोदाकाठाची पूरमापक पट्टी झाली आहे. सप्टेंबर १९६९ चा महापूर पाहिलेल्या आजोबांना आणि मोबाइलवर घाटाचे व्हिडिओ पाहणाऱ्या नातवंडांना तिची भाषा सारखीच कळते. कमरेएवढं पाणी घाटावरच्या विक्रेत्यासाठी संकट असतं आणि उंचावरच्या वस्तीसाठी बातमी, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पाण्याची पातळी मूर्तीवर दिसते, तिचा अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या घराच्या जागेवरून लावायचा असतो.

संगणकांच्या जाळ्यातही अशीच एक पट्टी आहे. तिचं नाव सिसलॉग. राउटर, स्विच, फायरवॉल, सर्व्हर ही यंत्रं दिवसरात्र आपल्या नोंदी पाठवत असतात : वायर निसटली, पंखा बंद पडला, कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकला. मध्यम आकाराच्या कारखान्यातही या नोंदी रोज हजारोंनी जमतात. त्यांतली कोणती आधी वाचायची हे सांगण्यासाठी प्रत्येक नोंदीवर शून्य ते सात यांपैकी एक आकडा असतो.

ही पद्धत १९८० च्या दशकात जन्मली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी ईमेल पोहोचवणाऱ्या सेंडमेल या प्रोग्रामच्या कामाचा भाग म्हणून सिसलॉग तयार केला. तो इतका सोयीचा निघाला की इतर प्रोग्राम आणि पुढे नेटवर्कची यंत्रंही त्याच पद्धतीने बोलू लागली. बराच काळ हे सगळं रूढीवर चाललं. ऑगस्ट २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजाने ती रूढी लिहून काढली आणि मार्च २००९ मध्ये राइनर गेरहार्ड्स यांनी लिहिलेल्या आरएफसी ५४२४ ने तिला रीतसर प्रमाणाचं रूप दिलं.

या पट्टीत आकडा जितका लहान तितकं संकट मोठं. शून्य म्हणजे इमर्जन्सी, यंत्रणा वापरण्याजोगी राहिलेली नाही. एक म्हणजे अलर्ट, ताबडतोब हात घालायला हवा. दोन क्रिटिकल, तीन एरर, चार वॉर्निंग. पाच म्हणजे नोटिस : सगळं सुरळीत आहे, पण घडलेली गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सहा नुसती माहिती. सात डीबग, म्हणजे दोष शोधणाऱ्या तंत्रज्ञासाठी बारीकसारीक तपशील.

नोंदीच्या सुरुवातीला कंसात एक संख्या येते. तिच्यात यंत्रणेचा कोणता विभाग बोलतो आहे आणि किती गंभीरपणे, ही दोन्ही उत्तरं असतात. विभागाच्या क्रमांकाला आठने गुणून त्यात गंभीरतेचा आकडा मिळवतात. संख्या ३४ असेल तर आठने भागा : भागाकार चार, म्हणजे सुरक्षा आणि लॉगिनचा विभाग, बाकी दोन, म्हणजे क्रिटिकल. विभाग शून्य ते तेवीस असल्यामुळे ही संख्या १९१ च्या पुढे जात नाही.

हा आकडा ठरवतो कोण? यंत्राचा प्रोग्राम लिहिणारा. त्याला नाशिकमधल्या सातपूरचा कारखाना माहीत नसतो आणि अंबडचं गोदामही. सिस्को या कंपनीच्या स्विचमध्ये पोर्ट बंद झाल्याची नोंद तिसऱ्या पातळीवर, म्हणजे एरर म्हणून येते. तेच पोर्ट पुन्हा सुरू झालं की ती आनंदाची बातमीही तिसऱ्याच पातळीवर येते. संध्याकाळी कारकुनाने संगणक बंद केला तरी एरर, आणि उत्पादन विभागाला जोडणारी मुख्य फायबर तुटली तरी एरर.

याहून गंभीर उदाहरण लॉगिनचं आहे. त्याच कंपनीच्या यंत्रांत चुकलेल्या लॉगिनची नोंद चौथ्या पातळीवर आणि यशस्वी लॉगिनची पाचव्या पातळीवर होते. मध्यरात्री शेकडो चुकीचे प्रयत्न झाले आणि मग एक बरोबर लागला, तर धास्ती घ्यावी अशी नोंद ती शेवटची. चौथ्या पातळीपर्यंतच्या नोंदी ठेवून बाकीच्या गाळणाऱ्या आयटी विभागाला ती कधीच दिसणार नाही. यंत्राची मांडणी कुणी बदलली हे सांगणारी नोंदही पाचव्याच पातळीची. चोराच्या खुणा बहुधा शांत आवाजाच्या नोंदींत सापडतात. गंभीरता ही व्यक्तिसापेक्ष असते आणि सगळ्या यंत्रांची व्याख्या एकच असेल असं गृहीत धरू नये, असं आरएफसी ५४२४ मध्येच म्हटलेलं आहे.

मग सगळंच साठवावं का? सातव्या पातळीच्या नोंदी चालू राहिल्या तर त्या लिहिता लिहिता राउटरच धापा टाकू लागतो, म्हणून डीबग गरजेपुरताच सुरू करून बंद करावा. शिवाय जुना सिसलॉग यूडीपी या संदेशवहन पद्धतीने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो. त्यात पोच नसते. जाळं तुंबलं की नोंदी वाटेतच हरवतात, आणि त्यांची गरज नेमकी तेव्हाच असते. महत्त्वाच्या ठिकाणी पोच घेणारी आणि सुरक्षित अशी टीएलएसची वाट वापरावी ती यासाठी.

भारतात हा विषय आता केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. घड्याळं जुळली नाहीत तर दोन यंत्रांच्या नोंदींतून घटनांचा क्रमच लागत नाही.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या आहेत. घाटांवरचे कॅमेरे, रुग्णालयं, रेल्वे, बँका आणि नियंत्रण कक्ष यांचा मोठा भार त्या दिवसांत नेटवर्कवर असणार. ही जाळी सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेल्या आकड्यांवर विसंबू नका. शून्य ते सहा पातळ्यांच्या नोंदी जमा करा. आपल्या जागी कोणतं पोर्ट, कोणतं यंत्र, कोणतं लॉगिन महत्त्वाचं आहे याची एक पानाची यादी करा. त्या यादीतल्या कोणत्या नोंदीसाठी रात्री कुणाला उठवायचं, तेही तिथेच लिहून ठेवा. हे काम संकट येण्याआधीच करता येतं, आणि ते आपल्या जागेची माहिती असलेल्या माणसानेच करायला हवं.