न सांगता सोडलेले काम

शिकता शिकता चार पैसे मिळविणे ही रीत आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून गोरगरिबांच्या मुलांनी अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा भार आपणच उचलावा, हा धडा त्यांनी घालून दिला. पुढे तीच कल्पना 'कमवा व शिका' या नावाने विद्यापीठांतून रुजली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतही ही योजना आहे. याखेरीज कित्येक विद्यार्थी सकाळी वर्तमानपत्रे टाकतात, सायंकाळी औषधाच्या अथवा कापडाच्या दुकानात उभे राहतात, लग्नसराईत मंगल कार्यालयात वाढप्याचे काम करतात.

अशा कामाचा प्रारंभ सर्वांच्या ध्यानात राहतो. शेवट मात्र पुष्कळदा असा होतो की, मुलगा एके दिवशी जातच नाही. परीक्षा जवळ येते, घरी कांद्याची काढणी निघते, किंवा मालक एखादा कठोर शब्द बोलतो. मग दूरध्वनी वाजला तरी उचलावयाचा नाही! पुढे दोन-चार महिन्यांनी पालक आम्हां शिक्षकांस विचारतात, "गुरुजी, यामुळे याच्या पुढच्या नोकरीत काही विघ्न येईल काय?" या प्रश्नाचे खरे उत्तर भीती घालून देऊ नये, असे मला वाटते.

प्रथम कायद्याचे पाहू. कोणासही त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपून ठेवता येत नाही. वेठीला आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केली आहे. अठरा वर्षांखालील मुलाने एखाद्या कागदावर सही करून दिली, तरी तो करार त्याला बांधीत नाही. १८७२ च्या करारविषयक कायद्याचा असाच अर्थ प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली लावला, व तो आजही मान्य आहे. सज्ञान माणसाची गोष्ट थोडी वेगळी. नेमणूकपत्रात महिन्याच्या पूर्वसूचनेची अट असेल, तर तिच्या बदल्यात मालक पैसे मागू शकतो. परंतु केलेल्या कामाचा सगळा पगार बुडविण्याचा अधिकार त्याला नाही. उलट, राजीनामा देणाऱ्याचा हिशेब कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता करावा, असे वेतन संहिता, २०१९ सांगते.

एका ठिकाणी मात्र पालकांनी फार सावध असावे. आयटीआयमधून किंवा अन्य मार्गाने जो मुलगा कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जातो, त्याला १९६१ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. तेथे करार लेखी असून त्याची सरकारदरबारी नोंद होते. उमेदवार अज्ञान असल्यास पालकच सही करतो. मुदतीपूर्वी करार संपवावयाचा असेल, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे रीतसर अर्ज करावा लागतो. उमेदवाराच्या दोषामुळे करार मोडला, तर सल्लागार ठरवील तेवढा शिक्षणाचा खर्च त्याने अथवा त्याच्या पालकाने भरून द्यावा लागतो. सही करण्यापूर्वी हा कागद कितीजण वाचतात, कोण जाणे!

आता दप्तराचे पाहू. साधारणतः वीस किंवा अधिक माणसे जेथे कामाला असतात, तेथे भविष्य निर्वाह निधी लागू होतो. २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच क्रमांक मिळतो व तो जन्मभर राहतो. त्यावर रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख चढते. न सांगता निघून गेलेल्याची दुसरी तारीख कधीकधी चढतच नाही, आणि पुढे नव्या ठिकाणी पैसे वळविताना खोळंबा होतो. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाल्यावर ती तारीख सभासदाला स्वतःही नोंदविता येते. पण चार माणसांच्या दुकानात यांतले काहीच नसते. तेथील मुलगा कसा गेला, याची नोंद कोणत्याही वहीत राहत नाही.

मग ती राहते कोठे? येथे स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मी महाविद्यालयात असताना शहरातील एका पुस्तकांच्या दुकानात सायंकाळी काम करीत असे. जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडण्याचे दिवस, दुकानात पाय ठेवावयास जागा नाही. आणि मला एका घरी शिकवणी मिळाली. मी दुकानात जाणे बंद केले. अकरा दिवसांचा पगार लाजेने मागितलाही नाही. पुढे मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, कोठेही काही अडले नाही.

पंधरा वर्षांनी एका गरजू विद्यार्थ्यास काम मिळवून द्यावे म्हणून मी त्याच दुकानाच्या पायऱ्या चढलो. मालकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखले नाही. आदराने बसवून चहा मागविला आणि म्हणाले, "गुरुजी, कॉलेजची मुले मी ठेवीत नाही. एक मुलगा ऐन जूनमध्ये न सांगता गेला. गोदामाची किल्लीही त्याच्याजवळच राहिली. कुलूप तोडावे लागले." किल्लीचे मी साफ विसरून गेलो होतो. तो मुलगा मीच, हे मला त्या दिवशी सांगवले नाही. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन सांगितले. ते हसले, रागावले नाहीत. पण नियम त्यांनी बदलला नाही. माझ्या विद्यार्थ्याला तेथे काम मिळाले नाही, व त्या वर्षी त्याने शाळा सोडली.

पूर्वसूचना म्हणजे मोठे पत्र नव्हे. "परीक्षेमुळे येत्या पंधरा तारखेपासून मला येता येणार नाही; तोवर नव्या मुलास काम दाखवीन," एवढ्या दोन ओळी पुरतात. मालक रागीट असेल, तर वडिलांनी किंवा आईने सोबत जावे. आजारपणामुळे एकाएकी थांबावे लागले, तर त्याच दिवशी निरोप धाडावा, आणि किल्ली, गणवेश, उधारीची वही, जे काही आपल्याजवळ असेल ते कोणाच्या तरी हाती पाठवून द्यावे.