वहीतले पंचेचाळीस रुपये

आज कर्जाचं, हप्त्याचं काही सांगत नाही. मुलांना हाक मारा, रेडिओजवळ बसवा आणि एक वही-पेन्सिल घ्या. आकड्यांचा एक खेळ आहे. बैठकीत मुलांनी दंगा करू नये म्हणून आम्ही तो सुरू केला, आणि पुढं त्यानंच आमच्या गटातला एक गुंता सोडवला.

खेळ असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, म्हणजे २२२२ चालणार नाही. समजा ३५२४ घेतली. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ५४३२. मग लहानाकडून मोठ्याकडे, २३४५. वजाबाकी करा. उत्तर ३०८७. आता ३०८७ चं तेच करायचं. शून्य सोडायचं नाही हं, तोही अंकच आहे. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. अजून एकदा करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! पुढं गाडी हलत नाही. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी, १९४९ साली. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत मास्तर होते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका विज्ञान मासिकानं त्यांच्या आकड्यांवर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला ते नीट कळले. लहान मुलांना तीन अंकी संख्या द्या. तिथं शेवटी ४९५ येतात.

आमच्यातल्या कितीतरी जणींची शाळा चौथी-पाचवीत सुटली. मुलाची वजाबाकी बरोबर की चूक, हे आईनं कसं ओळखायचं? इथं ओळखता येतं. उत्तरातले अंक मिळवा. बेरीज ९, १८ किंवा २७ यायला हवी. ३०८७ चे तीन, शून्य, आठ, सात मिळून १८. तशी आली नाही तर कुठंतरी हातचा विसरला.

कारण अवघड नाही. दहाच्या नोटेतून नऊ काढले की एक उरतो, शंभरातून नव्व्याण्णव काढले की एकच उरतो. म्हणून कुठल्याही संख्येतून नऊ-नऊचे गठ्ठे बाजूला काढले, तर उरतं ते अंकांच्या बेरजेइतकंच. अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच, उरलेलंही तेच. मग एकातून दुसरी वजा केल्यावर शिल्लक राहतात ते फक्त नऊचे गठ्ठे.

आता आमची गोष्ट. एका महिन्यात पेटीत वहीपेक्षा ४५ रुपये कमी भरले. रक्कम छोटी, पण पेटी जिच्या घरी असते तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या. कुणी बोललं नाही, आम्हीही नाही. तिनं पदराच्या गाठीतले पैसे काढून पेटीत टाकले, आणि पुढच्या बैठकीला दाराशी बसली.

वही लिहिते सचिवताईंची सातवीतली मुलगी. ती एकदम म्हणाली, "ताई, चार आणि पाच नऊ होतात!" म्हणजे अंक उलटे पडले असतील. ४५ ला नवानं भागलं, पाच आले. मग ज्या रकमेच्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, ती शोधायची. तिसऱ्या पानावर सापडली, व्याज ७२ रुपये. कर्ज होतं १३५०, शेकडा दोननं व्याज २७. कुणीतरी "सत्तावीस" सांगितलं, पोरीच्या कानावर सात आधी पडला, तिनं सात आधी लिहिला. चूक तिचीच होती, आणि तिनंच ती सगळ्यांपुढं वाचून दाखवली.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला "वीस सात" म्हणायला आलं, तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आता तेवढं हसू येत नाही. नऊची ही युक्ती प्रत्येक चूक पकडत नाही, हेही सांगायला हवं. आख्खी नोंदच राहून गेली असेल तर पुन्हा पावत्याच चाळाव्या लागतात. पण फरक नवानं भागला जात असेल, तर कुणाच्या तोंडाकडे बघण्याआधी उलटे अंक शोधावेत.

त्या मैत्रिणीचे ४५ रुपये आम्ही भर बैठकीत परत केले. तिनं दोनदा मोजून घेतले.

आज रात्री जेवणं झाली की प्रत्येकानं आपल्या जन्मसालापासून सुरुवात करा. १९८६ सालच्या आईला सहा वजाबाक्या लागतात. २०१४ मध्ये जन्मलेलं लेकरू असेल तर त्याला पूर्ण सात लागतील, तेव्हा पान मोठं घ्या.